आल्या आल्या विडा

मार्गशीर्ष सरत आला की आमच्याकडच्या हवेला आंबूस वास येतो. हरभऱ्याच्या पानांवर आंबट दवाची आंब धरलेली असते. पहाटे त्यातून चालत गेलं की धोतराचा काठ ओला होतो आणि पोटऱ्या चुणचुणतात. घराघरांत ताकात ज्वारीचं पीठ कालवून आंबील मुरत ठेवलेली असते, तिची मडकी गेरू-चुन्यानं रंगवलेली असतात. गावाबाहेर ज्वारी पुरुषभर उंच झालेली असते. तिच्यात शिरलं की रस्ता दिसत नाही, माणूस दिसत नाही, नुसती पानांची सळसळ ऐकू येते.

मग येळवस येते. अमावास्येच्या त्या दिवशी गाव ओस पडतं आणि शिवार भरतं. शेतात कडब्याची कोप उभी राहते, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पूजा होते, आणि धनी आंबिलीचे शिंतोडे उडवत पिकाभोवती फिरतो. फिरताना जे ओरडायचं ते कानडी आहे, अर्थ कोणाला नीट ठाऊक नाही, तरी सगळे ओरडतात. चिंचेच्या कोळातली भज्जी, बाजरीचे उंडे, खीर. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवतात. त्या दिवशी पंगतीत कोण बसलंय ते विचारायचं नसतं. आणखी एक रीत आहे. येळवशीला व्यवहार बोलायचा नाही. भाव, वजन, देणंघेणं, भागीदारी, काही नाही. त्या दिवशी जो व्यवहाराचा शब्द काढील तो हलका माणूस.

मी गेली कित्येक वर्षं येळवशीला घरीच असतो. गुडघ्यांचं निमित्त सांगतो. लोक डबा आणून देतात.

यंदा अमावास्येच्या आधी मोंढ्यातले तरुण व्यापारी घरी आले. पुढारी शिवराज. त्याच्या आजोबांचं दुकान आमच्या आडतीच्या समोर होतं.

"अण्णा, शिबिर ठेवलंय आमी. व्यवसायातलं नेतृत्व आणि शिष्टाचार. पुण्याहून एक बाई येणारेत. परदेशी गिऱ्हाइकाशी कसं वागायचं, कुणाला हात द्यायचा, कुणाला न्हाय, कार्ड कसं घ्यायचं, ते सगळं त्या सांगणार. तुमी आपलं इथलं सांगा."

"मी काय सांगू? मला कार्ड न्हाय."

"ती गफूरसाहेबाची गोष्ट सांगा की. आमच्या आज्यानं शंभरदा सांगितलीय. दुसऱ्या देशातला माणूस, दुसऱ्या धर्माचा माणूस, त्याच्या रीतीनं त्याचा मान कसा राखावा, ह्याचा नमुनाच हाय तो."

ती गोष्ट आमच्या जळकोटात आणि आसपास अशी सांगतात. पोलीस ॲक्शनच्या आदल्या येळवशीला, रझाकारांच्या धामधुमीत, आडतीचा तरुण मालक मल्लिनाथ, म्हणजे मी, यानं बापाच्या मुसलमान भागीदाराला दारात आल्याबरोबर चांदीच्या तबकातून विडा दिला, अत्तर लावलं. तहसीलदाराला देतात तसा मान दिला. पण तो माजोरी. विडा घेतला, बसलासुद्धा नाही, तोंड फिरवून निघून गेला. पुन्हा आडतीची पायरी चढला नाही.

यात घडलेलं सगळं खरं आहे. तबक चांदीचंच होतं. तरी ती गोष्ट खोटी आहे, आणि खोटी आहे हे जाणणारा आता मी एकटाच उरलो आहे.

गफूरसाहेब आणि माझे वडील यांची आडत होती. वडिलांना सगळे अप्पा म्हणत. शेतकरी माल आणायचे, आम्ही तो विकून द्यायचो, बराचसा सोलापूरला जायचा. मध्ये हद्द. अलीकडे निजाम, पलीकडे इंग्रज, आणि मध्ये जकातीचा नाका. नाक्यावरच्या उर्दू कागदपत्रांचं काम गफूरचाचांचं. गावाकडच्या मराठी-कानडी शेतकऱ्यांचं काम अप्पांचं. असं वाटप होतं म्हणतात, पण मला आठवतं ते निराळंच. शेतकरी यायचे ते चाचांकडे, आणि नाक्यावरचे शिपाई विचारायचे, "अप्पा कैसे हैं?"

चाचा उंच, किंचित वाकलेले. अंगावर काळी शेरवानी, तिची कोपरं विरलेली. लिंगायत शेतकरी आला की दोन्ही हात जोडून "शरणार्थ" म्हणायचे, मराठ्याला "रामराम", आणि दोघांनाही सारखंच झुकायचे. धान्याच्या राशीजवळ जाताना जोडे काढायचे. ऊन असलं तरी काढायचे. एकदा मी विचारलं, "चाचा, दुकानातल्या राशीला कोण पाया पडतं? ही तर विकायची."

"मल्लू, विकनारा आपुन. ज्यानं पिकवली तो समोर हुभा हाय ना? त्याच्या देवावर जोडे घालून चालू का मी?"

आणि अप्पा. मापं चालू असताना नमाजाची वेळ झाली की अप्पा एकदम हमालांवर खेकसायचे, "आरं, पाणी तरी प्या! मरता का काय उन्हात!" मापं थांबायची. हमाल पाणी प्यायचे, चिलीम ओढायचे. तेवढ्यात चाचा मागच्या खोलीत जाऊन यायचे. आपल्यामुळे काम थांबलं असं चाचांना वाटू नये आणि शेतकऱ्यालाही वाटू नये, म्हणून ते खेकसणं. मी कितीतरी वर्षं अप्पांना हमालांची फार काळजी आहे असं समजत होतो.

याला आता पुण्याच्या बाई एक लांबलचक नाव देतात. फळ्यावर लिहिलं होतं त्यांनी. समोरच्याच्या संस्कृतीची जाण, ती असेल तर धंदा वाढतो. बाई चांगल्या होत्या, मनापासून बोलत होत्या. मी पहिल्या रांगेत बसून ऐकत होतो आणि मला वाटत होतं, बाई, ही जाण ज्याला असते त्यालाच समोरच्याची नस कुठं आहे तेही कळतं. ते फळ्यावर कुठं लिहायचं?

मला ती जाण चाचांनीच दिली.

मिसरूड फुटल्यावर त्यांनी मला हैदराबादला नेलं. तिथल्या एका जहागीरदाराच्या देवडीला, म्हणजे वाड्याला, आमची ज्वारी जायची. पांढरी स्वच्छ बैठक, लोड, कोपऱ्यात मोगऱ्याचा वास. बोलणं चांगलं रंगलं होतं. तेवढ्यात नोकर तबक घेऊन आला. वर्ख लावलेले विडे, अत्तराचा फाया. मला वाटलं आता खरी खातिरदारी सुरू झाली. मी विडा तोंडात घातला आणि लोडाला टेकून पाय आणखी पसरले. चाचा उठून उभे राहिले होते. माझ्याकडे बघत होते. मी चघळत होतो.

बाहेर आल्यावर ते रस्त्यात पोट धरून हसले. "अरे बाबा, पान आलं की उठायचं! पान म्हंजे मुलाकात खतम. इथं कुनी कुनाला 'जा' म्हनत न्हाय. पान देत्यात. आन् जर का आल्या आल्याच पान दिलं, तर समजायचं, ह्या घरात आता आपलं काम न्हाय. पुन्हा जायचं न्हाय तिथं."

"असं कोण करतं?"

"दुश्मनबी करत न्हाय," चाचा म्हणाले. मग मला इराण्याच्या हॉटेलात चहा पाजला आणि परतीच्या वाटेवर सारखी माझी नक्कल करत राहिले, लोडाला टेकून चघळण्याची.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात अप्पा गेले. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. खड्ड्यात पहिली माती मी टाकली, आणि मग रीत नसताना सगळ्यांनी वाट करून दिली, दुसरी चाचांनी टाकली. जंगम स्वामींनीही काही म्हटलं नाही. समाधीजवळ चाचांनी बेलाचं रोप लावलं.

अप्पा गेल्यावर मी मालक झालो, म्हणजे गादीवर बसू लागलो. शेतकरी गाडी सोडायचा, मला "काय मालक" म्हणायचा आणि मी भाव सांगितला की चाचांच्या तोंडाकडे बघायचा. चाचांनी डोळे मिटून मान हलवली की मगच पोती उतरायची. चाचा मुद्दाम करत नव्हते. उलट अंग चोरून कोपऱ्यात बसायचे, "मालकास्नी इचारा," म्हणायचे. त्यानं तर मला आणखीच बोचायचं.

तीनचार वर्षं गेली, माझं लग्न झालं, पोर झालं, आणि बाहेर वाईट दिवस आले. रझाकारांची भीती होती, हद्दीपलीकडे जाऊन छावण्यांत राहिलेली आमचीच माणसं होती, रोज नवी अफवा यायची. सोलापूरचा एक व्यापारी मला म्हणाला, "तुमच्या दुकानात तो बसतो तोवर आमचे लोक माल घ्यायला कचरतात." पुढं माझ्या मनाशी मी हेच कारण धरून ठेवलं. भीती होती, काळ तसा होता. पण खरं लिहायचं तर भीती ही नंतर हाताशी आलेली सबब. मला हवं होतं की भाव सांगितल्यावर शेतकऱ्यानं माझ्याकडे बघावं.

चाचांना 'जा' म्हणण्याची हिंमत माझ्यात नव्हती. म्हटलं असतं तर शेतकरी माझ्यावर उलटले असते. भागीदारी मोडायची तर चार माणसं बोलवावी लागतात, कारण सांगावं लागतं. कारण काय सांगणार होतो? म्हणून मी येळवस निवडली.

दर येळवशीला सिद्रामकाकांची गाडी आमच्या दारात यायची. सिद्रामकाका आमचे जुने शेतकरी. त्यांच्या शेतातल्या कोपीत अप्पा आणि चाचा शेजारी शेजारी जेवायचे, मी लहान असल्यापासून. त्या सकाळीही गाडी आली, बैलांना घुंगरमाळा होत्या. चारपाच शेतकरी ओट्यावर टेकले होते. माझी बायको शांता आत चहा करत होती. चाचा येताना दिसले तसा तिनं एक कप वाढवला. चाचांना साखर जास्त लागायची, ते तिला ठाऊक होतं.

चाचा पायरी चढले. धुतलेली शेरवानी, हातात आमच्या पोरासाठी खारका. "चला मल्लू, आंबील वाट बघतीय," म्हणाले आणि बसण्यासाठी ओट्यावरची घोंगडी सरळ करू लागले.

मी आतून तबक आणलं. अप्पांनी लग्नात घेतलेलं चांदीचं तबक. विडा पुढं केला.

ते वाकलेले होते, घोंगडीचं टोक हातात. त्यांनी तबकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटतं त्यांना आधी चूक वाटली असावी, कारण त्यांच्या ओठांवर देवडीबाहेरचं ते हसू यायला लागलं होतं. मी अत्तराचा फाया उचलला आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मनगट धरून त्यावर लावला. तेव्हा त्यांना कळलं. मी नजर खाली घातली नाही. हे मला लिहायलाच हवं. मी त्यांना नीट कळेपर्यंत त्यांच्याकडे बघत राहिलो.

ओट्यावर सिद्रामकाका म्हणाले, "वा रं पठ्ठ्या! बापापरीस सवाई निघालास. तालेवाराचा मान दिलास गड्या आमच्या गफूरला."

चाचांनी विडा घेतला. कपाळाला लावला. खारका ओट्याच्या कडेला ठेवल्या. त्यांना विचारता आलं असतं, काय चुकलं माझं, भागीदारीचं काय, अप्पांच्या शब्दाचं काय. पण येळवस होती. व्यवहार बोलायचा नव्हता. ते रीत मोडणार नाहीत हे मला ठाऊक होतं, आणि त्यावरच माझा सगळा डाव होता.

"इजाजत," एवढंच म्हणाले. झुकले, मागं सरकले आणि पायरी उतरले.

"आरं गफूर! आरं बस की! गाडी तुझ्यासाठी थांबलीय!" सिद्रामकाका ओरडत राहिले. चाचा वळले नाहीत. वळले असते तर रडणं दिसलं असतं, असं आता वाटतं.

शांता कप घेऊन दारात आली. "ह्ये काय? गेले? आल्या आल्या विडा कशाला दिलात? चहा तर व्हायचा होता."

"मान दिला," मी म्हणालो.

त्या दिवशी कोपीत मी जेवलो. भज्जीला चव होती. ज्वारीची कणसं भरत आली होती, थंड वारा सुटला होता, आणि लोक एकमेकांना सांगत होते की गफूरला कशाचा एवढा माज आला असंल. कोणी म्हणालं, त्येंचं राज हाय ना. आदल्या दिवसापर्यंत असं कोणी बोललं नव्हतं. माझ्या पानावर खीर वाढत सिद्रामकाका म्हणाले, "तू वाईट वाटून घिऊ नगंस. तू तुझं केलंस."

शेतकरी माझ्याकडे बघून पोती उतरवू लागले. मला बरं वाटलं. किती काळ बरं वाटलं तेही सांगितलं पाहिजे. पुढच्या खरिपाची ज्वारी पोटऱ्यात येईपर्यंत.

मग पोलीस ॲक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. आमच्या भागात ते दिवस कसे गेले ते मी इथं उगाळत नाही. आमच्या गावात मात्र एका संध्याकाळी वेशीत माणसं जमली होती. बाहेरची टोळकी येतायत अशी आवई होती, आणि गफूरच्या घराचं काय करायचं हा प्रश्न होता. गावानं ठरवलं असतं तर त्या घराला कोणी हात लावला नसता. सिद्रामकाकांच्या चार पोरांनी दारात घोंगडी टाकली असती, एवढंच पुरेसं होतं.

सिद्रामकाका म्हणाले, "त्येनं आपला मान लाथाडला. भर येळवशीला. आता आपुन कोन त्येचे?"

कोणीतरी माझ्याकडे बघितलं. मी भागीदाराचा मुलगा, ज्याचा मान लाथाडला तो. मी म्हटलं असतं, की काका, त्यांनी नाही लाथाडला, मीच त्यांना घालवलं, तर सगळं तिथंच फिरलं असतं. मी पायातल्या जोड्याचा अंगठा सारखा करत बसलो. माणसं पांगली.

चाचा त्याच रात्री गेले. बायको, मुली, एक पेटी. गुलबर्ग्याला त्यांची बहीण होती. सकाळी घराला कुलूप होतं आणि अंगणात कोंबड्या फिरत होत्या. नंतर टोळकं आलंच नाही. पण गेलेलं माणूस परत आलं नाही.

पुढं काही वर्षांनी तुरीच्या व्यवहारासाठी मी गुलबर्ग्याला गेलो. खरं तर तूर जवळही मिळाली असती. चाचांचं एक लहानसं दुकान होतं, कंदिलाच्या काचा आणि वाती विकायचे. मला बघून टुणकन उठले. "अरे! आमचे मालक आले!" त्यात टोमणा होता का, मी खूप शोधला. नव्हता.

त्यांनी मला घरी नेलं. जेवू घातलं, माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, शेजारच्या लिंगायत बाईकडून करवून. मला न विचारता. शांताची चौकशी केली, सिद्रामकाकांच्या बैलांची केली. "अप्पाजवळचा बेल जगला का?" विचारलं. जगला म्हटल्यावर डोळे मिटून मान हलवली, पोती उतरवायला हलवायचे तशी.

मी म्हणालो, "चाचा, त्या येळवशीला..."

"त्या साली हरभरा लई चांगला झाला होता न्हाय?"

"चाचा, मी जे केलं..."

"खीर घे अजून. घे, घे. सोलापूरचा रस्ता झाला म्हनं डांबरी?"

तीनचारदा मी तोंड उघडलं. प्रत्येक वेळी त्यांनी इतक्या मायेनं बोलणं दुसरीकडे नेलं की मला पुढचा शब्द उच्चारणं उर्मटपणाचं झालं असतं. बसस्टँडपर्यंत पोचवायला आले. गाडी सुटेपर्यंत उन्हात उभे राहिले. कितीतरी वर्षं मी समजत होतो की त्यांनी मला क्षमा केली. आता तितकी खात्री नाही. मी एक वाक्य बोलून हलका होऊन घरी गेलो असतो, ते त्यांना मंजूर नसावं. किंवा ते नुसतेच जुने चाचा असतील, पाहुण्याला आपल्या घरात ओशाळवाणं होऊ न देणारे. कुठलं खरं ते विचारायला पुन्हा गेलो तेव्हा दुकानात दुसरंच कोणी होतं.

शांताला मी हे सगळं सांगितलं ते तिच्या शेवटच्या दुखण्यात.  ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. चहाचा वास येत असताना ते आपणहून उठून जाणारे नव्हते." त्यानंतर तिनं माझ्या हातून औषध घेतलं नाही, सुनेकडून घेतलं.

तर शिबिर. पुण्याच्या बाईंचं झाल्यावर मला माईक दिला. मोंढ्याचं सभागृह भरलेलं, मागं पंखे, पुढं कोरे शर्ट घातलेली तरुण मुलं. मी ठरवून गेलो होतो. मी ही गोष्ट सांगितली, इथं लिहिली तशीच. देवडी, पान, येळवस, घोंगडीचं टोक, वेशीतली संध्याकाळ. म्हणालो, "गफूरचाचांनी माज केला नाही. मी त्यांना सगळ्या गावासमोर घालवलं आणि गावाला कळू दिलं नाही. तुम्हाला त्यांच्याबद्दल जे सांगितलं गेलं ते खोटं आहे."

 मला वाटलं, झालं. आता कोणी उठेल, विचारील, चार शब्द ऐकवील. मी ऐकायला तयार होतो.

मग टाळ्या सुरू झाल्या. आधी मागून, मग सगळीकडून. शिवराज माईकशी आला, त्याचे डोळे पाणावले होते. "बघा मित्रांनो," म्हणाला, "ह्याला म्हणत्यात संस्कार. समोरचा चुकला असला तरी दोष आपल्या अंगावर घ्यायचा आणि गेलेल्या माणसाचा मान राखायचा. अण्णांनी आज बोलून न्हाय, करून दाखवलं."

"शिवराज, आरं, तसं न्हाय," मी म्हणालो. माईक त्याच्या हातात होता. पुढच्या रांगेतले लोक मोठ्या कौतुकानं हसले. बाई उठून नमस्कार करू लागल्या. शाल आणली, नारळ आणला. मी म्हटलं नको, तेव्हा हसणं वाढलं. "बघा, बघा," कोणीतरी म्हणालं. शेवटी मी शाल घेतली. चार माणसांत नाकारणं बरं दिसलं नसतं.

तिथं जे मला कोणी पुरं करू दिलं नाही ते इथं छापून ठेवतो. मी नम्र नाही. कोणाचा दोष अंगावर घेत नाही. गफूरसाहेब आमच्या घरातून उठून गेले नाहीत, त्यांना बसूच दिलं नव्हतं. त्यांच्या मुली कुठं आहेत मला माहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं कधी आमच्याकडे आली आणि आपल्या आजोबांबद्दल कोणाला विचारलं, तर त्यांना ती जुनी गोष्ट ऐकायला मिळेल, या विचारानं मला अलीकडे झोप लागत नाही.

यंदाही कोपीकोपीतून पंगती बसतील आणि आंबील ओतता ओतता कोणी ती गोष्ट काढील. सांगणारा वयानं मोठा असेल, पाहुणा असेल, घरचा धनी असेल. तरी त्याला मधेच तोडा. भर पंगतीत तोडा. उद्धट दिसलात तरी चालेल.